खुरीच्या वाळूत, उंटाच्या चालीनं

दिवाळीची सुट्टी लागली, की नाशकातून राजस्थानला जाणाऱ्यांची रीघ लागते. जयपूर, उदयपूर, जोधपूर आणि शेवटी जैसलमेर. सहलीच्या पत्रकात जैसलमेरच्या खाली एक ओळ ठरलेली असते : ‘सायंकाळी वाळवंट सफारी, उंटसवारी, लोकनृत्य व रात्रीचे भोजन.’ ही ओळ चार तासांत उरकते. बस जैसलमेरजवळच्या सम गावी तंबूंपाशी थांबते, जीपमधून वाळूत उड्या मारून होतात, उंटावर बसून फोटो निघतात, तंबूंच्या मधल्या चौकात स्पीकर सुरू होतो, बुफेची रांग लागते आणि मग झोप. परत आलेल्या माणसांना विचारलं तर ती किल्ल्याबद्दल भरभरून बोलतात, पटव्यांच्या हवेलीच्या जाळ्यांबद्दल बोलतात. उंटाबद्दल मात्र एवढंच, की “उठताना फार भीती वाटते हो!”

मला वाटतं, राजस्थानच्या सबंध सहलीत त्या संध्याकाळीइतकं मोलाचं काही नाही. आणि नेमकी तीच आपण सगळ्यात घाईत काढतो.

लहानपणी आमच्यासाठी उंट म्हणजे सापुतारा. वणीला देवीचं दर्शन, तिथून पुढे सापुतारा, टेबल पॉइंटवर उंटावरून एक चक्कर आणि भाजलेलं कणीस. त्या उंटाला कळप असतो, त्याला वाढवणारं कुणी घर असतं, हे कधी मनातही आलं नव्हतं. ते आलं 2023 च्या मे महिन्यात. भर उन्हाळ्यात शंभराहून जास्त उंट चालत नाशकात आले. कुणी पाठवले, कुठे निघाले, काही धड कळेना. दक्षिणेकडे कत्तलीसाठी नेत असल्याचा संशय होता. प्राणिमित्रांनी आवाज उठवला, प्रशासन हललं आणि उंटांची रवानगी चुंचाळ्याच्या पांजरापोळात झाली. मी भाचीला घेऊन बघायला गेले होते. अंबडच्या कारखान्यांना लागूनच ते हिरवं रान आहे. झाडांच्या सावलीला उंट बसलेले. काहींच्या पायांना जखमा होत्या. एकानं मान जमिनीवर टाकली होती आणि जवळ जाऊन उभं राहिलं तरी तो डोळा उघडत नव्हता. पुढे बातम्या आल्या, काही उंट दगावले. मग राजस्थानातून राईका आले, उंट पाळणं हाच ज्यांचा पिढीजात धंदा आहे ती माणसं, आणि उरलेल्या उंटांना घेऊन पायीच परतीच्या वाटेला लागले.

घरी येताना भाचीनं विचारलं, “मावशी, ज्यांनी हे उंट विकले, त्यांना काहीच वाटलं नसेल?”

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेले, राजस्थानात जाऊन माणसांशी बोलले, तेव्हा थोडं थोडं कळत गेलं. राईकांची स्वतःच्या जन्माची एक गोष्ट आहे. पार्वतीनं खेळता खेळता मातीचा एक विचित्र प्राणी घडवला, पाच पायांचा. तिच्या हट्टापायी शंकरानं त्यात जीव घातला. पाच पायांवर त्याला चालता येईना, म्हणून शंकरानं पाचवा पाय आत ढकलून दिला, तो पाठीतून वर आला आणि त्याचं मदार झालं. आता या प्राण्याला सांभाळणार कोण? म्हणून मग पहिला राईका निर्माण केला. म्हणजे आधी उंट, आणि त्याच्यासाठी माणूस. या समाजात पूर्वी मांसासाठी उंट विकणं पाप मानलं जाई, सांडणी म्हणजे उंटीण कळपाबाहेर जाऊ देत नसत, दूध विकणंसुद्धा कमीपणाचं वाटे. अशा घरातून उंट बाहेर पडतो तेव्हा त्यामागे बरंच काही मोडलेलं असतं.

विहिरीवरची मोट गेली, नांगर ट्रॅक्टरला लागला, उंटगाड्यांची जागा टेंपोंनी घेतली. 2012 च्या पशुगणनेत देशात 4 लाख उंट होते, 2019 च्या गणनेत ते अडीच लाखांवर आले. त्यांतले बहुतेक राजस्थानात. राजस्थान सरकारनं 2014 मध्ये उंटाला राज्यप्राणी केलं आणि 2015 मध्ये कायदा आणला : कत्तल बंद, आणि परवानगीशिवाय उंट राज्याबाहेर न्यायचाही नाही. हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण पुष्करच्या बाजारात दुसऱ्या राज्यांतून येणारं गिऱ्हाईक आटलं आणि उंटांचे भाव कोसळले. मादी निदान दूध देते, वासरं देते. नर वासराचं करायचं काय? सांडणीचा गाभणकाळच तेरा महिन्यांचा, दोन वर्षांतून एक वासरू. ते नर निघालं आणि त्याला विचारणारं कुणी नसलं, तर पाळणाऱ्यानं कुठवर सांभाळावं? त्यात चराईची रानं आक्रसत चाललीत. तिकडे ‘ओरण’ असतात, आपल्या देवराईसारख्या देवाच्या नावानं राखलेल्या जमिनी. जैसलमेरजवळच्या देगराय मातेच्या ओरणात उंटांचे कळप पिढ्यान्‌पिढ्या चरत आले. आता त्या टापूत सौर पट्ट्या, पवनचक्क्या आणि विजेच्या तारा वाढत चालल्यात, आणि ओरण वाचवायला गावकऱ्यांना उभं राहावं लागतंय.

आता सवारीचे उंट आठवा. ते बहुतेक नरच असतात. म्हणजे ज्या वासराला शेतात काम नाही, बाजारात भाव नाही, त्याला आज विचारणारं जे थोडं गिऱ्हाईक उरलंय, त्यात पर्यटकाला पाठीवर घेऊन वाळूत फिरवणारा उंटवाला येतो. माझ्या भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथपर्यंत घेऊन आलं. म्हणून त्या तासाभराच्या सवारीकडे करमणूक म्हणून बघणं मला आता जमत नाही.

थंडीत आईला आणि भाचीला घेऊन जैसलमेरला गेले, तेव्हा सम सोडून खुरी निवडलं. सम जैसलमेरपासून साधारण 40 किलोमीटर, खुरी साधारण 50, नैर्ऋत्येला. खुरीच्या टेकड्या समइतक्या भव्य नाहीत, हे खरं आहे. पण गाव वाळूला लागून आहे आणि उंट त्या गावातल्या घरांचे आहेत. मला तेच हवं होतं.

चार वाजता पोचलो. अंगणासमोर दोन उंट बसलेले, शेजारी उंटवाले काका. वय साठीच्या पुढे, डोक्याला फिकट पिवळं साफा-फडकं, हातात दोरी. मी आधी उंटाजवळ जाऊन बसले. बसलेला उंट जवळून बघण्यासारखा असतो. लोखंडी घडीच्या कॉटसारखे त्याचे पाय दुमडून अंगाखाली नाहीसे होतात. छातीखाली एक जाड, कठीण गादी असते. गुडघ्यांवर आणि कोपरांवर तसेच घट्टे. शरीराचा भार त्यांच्यावर राहतो, त्यामुळे पोट तापलेल्या जमिनीला पूर्ण टेकत नाही आणि खालून वारा खेळतो. पापण्यांचे केस लांब, दुहेरी. वाळू उडाली की नाकपुड्या तो मिटून घेतो. हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं. पण वीतभर अंतरावरून ती नाकपुडी चिरेसारखी मिटताना आणि उघडताना पाहिली, तेव्हा ते मला पहिल्यांदा खरं वाटलं.

नाकात वेसण असते, लाकडी. तिला तिकडे गिरबाण म्हणतात आणि तिला बांधलेल्या दोरीला मोहरी. मी नाक न्याहाळतेय हे काकांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, “देख लो बाईसा. ऊँटवाले का हाथ ऊँट की नाक पर दिखता है.” त्या नाकावर जखम नव्हती, सूज नव्हती. दोरी ओढून ओढून चालवलेल्या उंटाचं नाक फाटलेलं असतं, असं सांगून त्यांनी पलाण उचलून पाठही दाखवली. पलाण म्हणजे उंटाचं खोगीर, लाकडी सांगाडा आणि त्यावर गोधड्यांचे थर. त्याखाली केस घासून गेलेले नव्हते. आपण भाड्याची गाडी ठरवताना टायर बघतो. उंट ठरवताना नाक आणि पाठ बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि उंटवाल्याला ते अपमानाचं वाटत नाही. उलट या काकांना माझं बघणं आवडलं होतं.

आई चढायला तयार नव्हती. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखतात. काकांनी घाई केली नाही. “मांसा, उठताना तो आधी मागचे पाय सरळ करतो. तुम्ही पुढे पडाल असं वाटेल. तेव्हा मागे रेला. मग पुढचे पाय उठतात, तेव्हा सरळ व्हा. एवढंच.” त्यांनी दोनदा हातानं करून दाखवलं. आई बसली, काकांनी उंटाला हलकेच आवाज दिला, आई मागे रेलली, सरळ झाली आणि दोन माणसांच्या उंचीवरून आमच्याकडे बघून हसली. तिला इतकं मोकळं हसताना बाबा गेल्यानंतर मी पाहिलं नव्हतं.

उंटाची चाल घोड्यासारखी नसते. एका बाजूचे दोन्ही पाय तो बरोबर टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. त्यामुळे अंग डावी-उजवीकडे डोलत राहतं. पहिली पाच-दहा मिनिटं कंबर विरोध करते. मग तिला लय सापडते आणि आपण काही करायचं उरत नाही. पावलं रुंद, खाली मऊ गादी. भार पडला की ती पसरते, म्हणून पाय वाळूत रुतत नाही आणि आवाजही येत नाही. ऐकू येत होती फक्त पलाणाची करकर आणि गळ्यातली घंटा. वाटेत रुईची झुडपं, खिपाचे हिरवे काडीदार झुपके, मधूनच एखादी खेजडी. आपण दसऱ्याला जिची पूजा करतो ती शमी. आमचा उंट तिच्यापाशी हटकून थांबायचा आणि मान उंच करून पाला ओरबाडायचा. काका थांबू द्यायचे. खेजडीसाठी 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवीसह 363 बिष्णोईंनी झाडांना मिठ्या मारून प्राण दिले. काकांना ती कहाणी तोंडपाठ होती, आणि सांगताना त्यांचा आवाज जड झाला. झाडाखाली चरणारा उंट, उंटाची लीद पडून पोसलेली झाडाखालची माती, झाडाच्या शेंगांची घरातली भाजी, हे सगळं त्यांच्या लेखी एकच होतं.

वाळूच्या माथ्यावर उतरलो. भाचीनं मोबाईल काढला, चार फोटो घेतले आणि मग आपणहून आत ठेवला. वाऱ्यानं वाळूवर ओळी उमटवल्या होत्या. त्यांच्यावरून एक काळा भुंगा चालला होता आणि त्याच्या मागे टाक्यांसारखी नाजूक नक्षी उमटत होती. सूर्य अजून क्षितिजाच्या वर होता, तरी वाळू वरून गार पडायला लागली होती. हात चार बोटं आत घातला, तर तिथं दुपारची ऊब शाबूत. कोरडी हवा, वर ढग नाहीत, त्यामुळे वरचा थर आपली उष्णता पटकन सोडून देतो. भाचीनं दोन्ही हात कोपरापर्यंत पुरून घेतले आणि तशीच बसून राहिली.

काका मग बोलायला लागले. मुलगा समला जीप चालवतो. “जीप बरी पडते त्याला. पर्यटक नसला की डिझेल लागत नाही. उंटाला बारा महिने खायला लागतं.” हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलपासून वाळूवर कुणी फिरकत नाही, उंट मात्र रोज खातो. त्यात सवारीचे पैसे तंबूवाल्यांमार्फत आले की मधला वाटा जातो आणि हातात पडतं ते चाऱ्यालाही पुरत नाही. तरी त्यांनी मागच्या वर्षी एक लहान नर विकत घेतला होता. त्याला शिकवायचं काम चालू होतं. बसायला, उठायला, गर्दीत न बिथरायला. मी विचारलं, मुलगा जीपवर, मग हा कुणासाठी? “इसको कौन लेता, बाईसा?” त्यांनी मलाच उलट विचारलं. मला चुंचाळ्याचा तो मान टाकलेला उंट आठवला. मी त्यांना नाशकाची सगळी हकिगत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, “घेऊन गेले ना परत?” घेऊन गेले, असं म्हणताना मला बरं वाटलं.

समच्या तंबूंबद्दल इथं सांगायला हवं. त्या टेकड्यांना लागून मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे, 1980 मध्ये घोषित झालेलं, तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं. माळढोक पक्ष्याचा देशातला शेवटचा मोठा आसरा तिथं आहे. सोलापूरकडे नान्नजला माळढोकासाठी आपण अभयारण्य केलं, आणि तरी तो आपल्या माळांवरून जवळजवळ नाहीसा झाला. जिथं तो उरलाय, तिथं रात्री अकरापर्यंत स्पीकर वाजावेत आणि आपण महाराष्ट्रातून जाऊन त्यावर नाचावं, हे मला सहन होत नाही. वाळवंटात शांतता ही काही मोकळी पडलेली जागा नव्हे. तिथं राहणारे जीव आहेत.

परतलो तेव्हा अंधार पडला होता. अंगणात चूल पेटलेली. काकांच्या घरची सून बाजरीचे सोगरे थापत होती, घुंघट नाकापर्यंत ओढलेला. सोगरा म्हणजे तिकडची भाकरी, आपल्यापेक्षा जाड. आईचं माहेर येवल्याकडचं, बाजरीच्या भाकरीवर वाढलेली. तिला बघत बसवेना. ती चुलीपाशी सरकली आणि म्हणाली, “बेटी, एक मैं करूँ?” सूनबाईनं परात पुढे केली. आईनं पिठाला पाणी लावलं, मळलं आणि परातीत पातळ, गोल भाकरी थापली. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं, उलटली, मग निखाऱ्यावर धरली आणि ती टम्म फुगली. सूनबाईनं घुंघट थोडा वर करून ती नीट पाहिली. मग आपला सोगरा दोन्ही तळहातांमध्ये फिरवत, परातीचा आधार न घेता थापून दाखवला. दोघींचं पुढचं बोलणं निम्मं हिंदी, निम्मं हातवाऱ्यांचं. आमच्याकडे बाजरी खरिपात, तुमच्याकडे? इथंही पावसावरच. थंडीत अंगाला बरी, उन्हाळ्यात नको. तीळ लावता का? पहिल्यांदाच भेटलेल्या त्या दोघींचा पंधरा मिनिटांत एक स्वयंपाक झाला.

खाटांवर ताटं आली. केर-सांगरी, लसणाची लाल चटणी, कढी, तुपात बुडवलेला सोगरा, गूळ. सांगरी म्हणजे त्याच खेजडीच्या वाळवलेल्या शेंगा, आणि केर ही काटेरी झुडपाची मिऱ्यापेक्षा मोठी हिरवी फळं. दोन्ही उन्हाळ्यात तोडून वाळवायची, वर्षभर पुरवायची. तेलात सुक्या मिरच्यांवर परतलेली ती भाजी आधी तुरट लागते, मग आंबट, आणि चावत राहिलं की मागून एक मंद गोडी येते. दुष्काळात ह्याच शेंगांवर गावं जगलेली आहेत. बुफेत पनीरच्या शेजारी ती वाटीभर ठेवलेली असते आणि लोक पुढे सरकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

जेवणं झाल्यावर शेजारच्या गावातले मांगणियार आले, एक आजोबा आणि त्यांचा नातू. आजोबांच्या मांडीवर कमायचा. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, आणि गजानं वाजवायचा. नातवाच्या हातात खडताल, लाकडाच्या चार पट्ट्या. मांगणियार मुसलमान, त्यांचे यजमान बहुतेक राजपूत, आणि यजमानांच्या घरी जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगाला यांचं गाणं लागतं. साकर खाँ या कमायचा-वादकाला 2012 मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच परंपरेला मिळाली असं मी मानते. आजोबांनी आधी विचारलं, सिनेमाचं गाऊ का? आई म्हणाली, “आपके घर का गाइए.” त्यांनी कमायचा पुन्हा जुळवायला घेतला. मोठ्या तारा, खालच्या बारीक तारा, एकेक खुंटी पिळत. त्या जुळवण्यातच बराच वेळ गेला, आणि तो वेळही ऐकण्यासारखा होता.

थंडी वाढली होती. पूर्वेला मृग वर आला होता, तिन्ही तारे स्पष्ट. नाशकात अंबड-सातपूरच्या उजेडात आम्हाला जेमतेम मृगच ओळखता येतो. इथं त्याच्या आसपासचे बारीक तारेसुद्धा मोजता येत होते. ध्रुव आपल्याकडच्यापेक्षा सात अंश वर दिसतो. जैसलमेर तेवढं उत्तरेला. भाचीला ते पटेना, म्हणून तिनं हाताची मूठ समोर धरून क्षितिजापासून मोजलं. काकांना त्याचं फार कौतुक वाटलं. रात्री वाळूत वाट चुकली तर ते ध्रुवच बघतात, उंट मात्र काही न बघता घर गाठतो, असं ते म्हणाले.

निघताना पैसे काकांच्या हातात दिले. ठरल्यापेक्षा थोडे जास्त. त्यांनी मोजले नाहीत. मग मीच म्हटलं, लहान नराच्या चाऱ्याला. तेव्हा त्यांनी ते वेगळे करून साफ्याच्या घडीत खोचले.

नाशकातून जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मुंबईहून सूर्यनगरी एक्स्प्रेसनं जोधपूर गाठा, पुढे रस्त्यानं जैसलमेर. सफारीची संध्याकाळ पॅकेजमधून वेगळी काढा. खुरीला किंवा दुसऱ्या एखाद्या गावात घरीच उंट असलेला माणूस शोधा. जीपच्या ऐवजी उंट घ्या, आणि अर्ध्या तासाच्या ऐवजी दोन तास. नाक बघा, पाठ बघा. एका उंटावर दोन मोठी माणसं बसू नका, पैसे उंटवाल्याच्याच हातात पडतील असं बघा आणि त्यात घासाघीस करू नका. स्वेटर, कानटोपी न्याच. डिसेंबर-जानेवारीत रात्री हाडं गोठतात. आणि जेवणाचं आदल्या दिवशीच कळवून ठेवा, कारण सांगरी आणि केर रात्रभर भिजत घालावे लागतात.